प्राध्यापकांचे संशोधन आणि आमची घरे

आरोग्य, आहार, समाजकार्य आणि कुटुंबसंस्था ह्या विषयांत महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांनी कोणती कामगिरी केली, असे विचारले की उत्तर म्हणून एक यादी पुढे येते. ग्रंथ, प्रबंध, पारितोषिके, समित्यांवरील नेमणुका. ही यादी खोटी नसते. परंतु ह्या चारही विषयांचा कच्चा माल कोठून आला, हे त्या यादीत कधी लिहिलेले नसते. उपाशी पोट, गढूळ पाणी, कोवळ्या वयातली बाळंतपणे, न जगलेली मुले हे सारे महारवाड्यातून, मांगवाड्यातून, भिल्लांच्या झोपड्यांतून आले. विषय आमचा आणि विद्या दुसऱ्याची, अशी ही जुनी वाटणी आहे.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. आईने निंदणी आणि कापूसवेचणी करून संसार ओढला. पाहणी करणाऱ्याची खुर्ची आणि पाहणी होणाऱ्याचा ओटा, ह्या दोन्ही जागा मला ठाऊक आहेत. म्हणून ह्या इतिहासाला मी एकच कसोटी लावणार आहे. पाहणीतून जे कळले, त्याचे ज्याची पाहणी झाली त्या माणसाच्या हक्कात रूपांतर झाले काय?

ह्या कसोटीला उतरणारी एक मोठी पाहणी आपल्या खानदेशात झाली. ती करणारा विद्वान चाळीसगावला नदीवरच्या फरशीवर पाय मोडून पडला होता.

बाबासाहेब आंबेडकरांना आपण राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. ते प्राध्यापक होते, हे मात्र विसरतो. १९१८ ते १९२० ह्या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत होते. तेथे प्राध्यापकांच्या खोलीतल्या भांड्यातले पाणी त्यांनी प्यावे, ह्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. १९२८ साली ते शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी ह्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी ओ. एच. बी. स्टार्ट ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. बाबासाहेब, डॉ. पी. जी. सोळंकी, ठक्करबाप्पा आदी मंडळी तिचे सभासद होती.

ह्या समितीच्या कामासाठी १९२९ साली बाबासाहेब खानदेशात आले. काम आटोपून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले. धुळ्याच्या लोहमार्गावरील एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता आणि त्याची चौकशी करावयाची होती. चाळीसगावच्या महारांनी त्यांना त्या रात्री मुक्कामाचा आग्रह केला. धुळ्याच्या गाडीने बाबासाहेब त्या गावी गेले, परिस्थिती समजून घेतली आणि चाळीसगावला परतले. महारवाडा स्टेशनापासून सुमारे दोन मैलांवर, चालत जाण्याजोग्या अंतरावर होता, तरी त्यांना बराच वेळ तिष्ठत थांबावे लागले. अखेर टांगा आला. वाटेत नदीवर फरशी होती. तिला कठडा नव्हता, कडेला अंतराअंतराने दगड रोवलेले होते. घोडा उधळला, चाक दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोड्यासकट टांगा नदीत कोसळला. ऑक्टोबर १९२९ मधली ही घटना.

कारण त्यांना नंतर कळले. स्टेशनावरचा एकही टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. त्यात त्याला कमीपणा वाटत होता. आपल्या पाहुण्याने पायी यावे, हे महारांना पटेना. मग तडजोड निघाली. टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. ज्याने लगाम हाती घेतला त्याने आयुष्यात कधी टांगा हाकलेला नव्हता. ही हकिगत बाबासाहेबांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या टिपणात लिहून ठेवली. ते पुस्तिकारूपाने १९९० साली प्रसिद्ध झाले. मोलमजुरी करणारा टांगेवालासुद्धा बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजू शकतो, हा धडा आपण तेथे शिकलो, असे त्यांनी नमूद केले आहे. आणि मानापायी आपल्या माणसांनी आपला जीव धोक्यात घातला, हेही त्यांनी झाकून ठेवलेले नाही.

समाजशास्त्राच्या वर्गात आपण शिकवतो की निरीक्षकाने तटस्थ राहावे. ह्या निरीक्षकाला तटस्थ राहण्याची मुभा टांगेवाल्याने दिली नाही. सकाळी ज्या बहिष्काराची नोंद त्याने घेतली, तोच बहिष्कार काही तासांनी त्याला चाळीसगावच्या स्टेशनावर भेटला. तरीही त्याने जे लिहिले ते आक्रोश म्हणून लिहिले नाही. कोण काय म्हणाले, कोणाला कसला कमीपणा वाटला, तडजोड कशी झाली, हे त्याने शास्त्रज्ञाच्या शिस्तीने क्रमवार मांडले. प्रत्यक्ष क्षेत्रात जाऊन केलेल्या संशोधनाचा ह्याहून चांगला धडा मला कोणत्या क्रमिक पुस्तकात सापडलेला नाही.

मार्च १९३० मध्ये स्टार्ट समितीचा अहवाल आला. बहिष्काराविषयीचा त्यातला भाग प्रत्येक समाजकार्याच्या विद्यार्थ्याने वाचला पाहिजे. अस्पृश्य प्रत्येक गावात अल्पसंख्य आहेत. कोणी सवर्णांची जमीन कुळाने कसतो, कोणी शेतमजूर, कोणी गावकीच्या बदल्यात मिळणाऱ्या धान्यावर जगतो. त्यांनी हक्क बजावायचे ठरवले की जमीन काढून घेतली जाते, काम थांबते, बलुते बंद होते, नेहमीची वाट अडवली जाते आणि वाणी जिन्नस विकेनासा होतो. कारणे कोणती? चांगले कपडे घातले, दागिना घातला, जमीन विकत घेतली, नवरदेवाची वरात घोड्यावरून नेली.

हाच भाग आता आहारशास्त्राच्या नजरेने वाचून पाहावा. उपासमारीचे कारण म्हणून दुष्काळ, अज्ञान, लोकसंख्या हे शब्द आपण ऐकत आलो. ह्या अहवालात भूक हे शस्त्र म्हणून नोंदले गेले आहे. वाण्याच्या दुकानात धान्य आहे, खिशात पैसा आहे आणि तरीही चूल विझलेली आहे. अशी भूक कोणत्या तक्त्यात बसवायची?

बाबासाहेबांनी ती तक्त्यात ठेवलीच नाही. १९३० च्या नोव्हेंबरात गोलमेज परिषदेला रावबहादूर श्रीनिवासन् ह्यांच्यासह जे निवेदन त्यांनी दिले, त्यात ह्या अहवालाचा आधार घेऊन बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशी मागणी केली. पाहणीचे हक्कात रूपांतर करण्याचा हा उघड प्रयत्न होता. दलित-आदिवासींवरील अत्याचारांच्या १९८९ च्या कायद्यात सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा गुन्हा म्हणून स्पष्टपणे येण्यास २०१५ ची दुरुस्ती व्हावी लागली. चौकशी आणि कायदा ह्यांमध्ये ८५ वर्षे गेली.

आरोग्याचेही तसेच. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्येच काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त ते छापून आले होते. त्याची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर हरिजनवाड्यात यायला आणि तिला तपासायला तयार नव्हता. मोठ्या लोकांची रदबदली आणि दोन रुपये फी ह्यांनंतर तो आला, पण थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, मुसलमानाने नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले. न्यूमोनिया झाल्याचे निदान झाले. बाई गेली. बाळंतीण-मृत्यूच्या नोंदवहीत ह्या मृत्यूचे कारण न्यूमोनिया असे लागले असते. नोंदवही खोटे बोलली नसती, पण खरेही बोलली नसती.

कुटुंबसंस्थेच्या अभ्यासाकडे वळू. चाळीसगावच्या अपघाताआधी तेरा वर्षे, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर ह्यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. आपण तो जातीविषयीचा निबंध म्हणून वाचतो. वस्तुतः तो कुटुंबाविषयीचा निबंध आहे. जातीचा प्राण जातीअंतर्गत विवाहात आहे, असे एकदा मानले की गटातल्या विवाहयोग्य स्त्रिया आणि पुरुष ह्यांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की ती स्त्री जास्तीची ठरते. तिला एकतर सती घालवायची, नाहीतर जन्मभर वैधव्यात डांबायचे. बायको मेलेला पुरुष जास्तीचा ठरला तर त्याच्यासाठी बालवधू आणायची. सती, वैधव्य आणि बालविवाह ही जात टिकवण्याची साधने आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. स्त्रीच्या देहावरचा ताबा ही जातीची किंमत आहे, हे स्त्रीवादी अभ्यासकांनी सांगण्याच्या कितीतरी आधीची ही मांडणी आहे.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून इरावती कर्वे ह्यांनी १९५३ साली भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे चालते आणि उत्तरेकडे का चालत नाही, हे त्या ग्रंथाने देशाचे चार विभाग पाडून समजावले. त्यांची विद्वत्ता आणि गावोगाव हिंडण्याची चिकाटी ह्यांविषयी मला आदर आहे. जात म्हणजे विस्तारलेले आप्तमंडळ, असे त्या म्हणतात. हे म्हणणे घराच्या आतून पाहता बरोबरच आहे. परंतु जो दाराबाहेर उभा आहे तो आत कोण कोणाचा मामा, हे आधी विचारत नाही. दार कोणी लावले, हे विचारतो. १९१६ चा निबंध हा दाराबाहेरून विचारलेला प्रश्न आहे. दोन्ही प्रश्न शास्त्राला हवेत. आमच्या अभ्यासक्रमात मात्र एकच राहिला.

बाळंतपणाचा प्रश्न घ्या. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक चर्चेला आले. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. पण मालक स्त्रीला कामावर घेतो ते तिच्यापासून जास्त फायदा होतो म्हणून, तेव्हा त्यालाही ह्या खर्चातून पूर्ण सुटता येणार नाही. असा तो युक्तिवाद होता. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला. देशातला तो अशा प्रकारचा पहिला कायदा.

त्याच सुमारास गणिताचे एक प्राध्यापक हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवीत होते. र. धों. कर्वे ह्यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा न्यायालयात त्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम ह्यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. बाईचे आरोग्य आणि गरिबाचा संसार ह्यांवर त्या भाषणाचा भर होता. ठराव फेटाळला गेला. कर्व्यांची नोकरी गेली आणि रोहमांचा ठराव पडला, म्हणून ही नावे कामगिरीच्या यादीत येत नाहीत. माझ्या मते ती पहिल्या पानावर हवीत.

बाबासाहेब मध्यवर्ती सरकारात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, प्रा. बी. पी. अदारकर ह्यांच्यावर औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवण्यात आले. १९४४ साली त्यांनी अहवाल दिला आणि १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा त्याच पायावर उभा राहिला. एका प्राध्यापकाच्या अहवालातून लाखो कामगारांना दवाखाना मिळाला. पण खानदेशच्या माणसाने त्या कायद्यातली एक व्याख्या वाचावी. हंगामी कारखाने त्यातून वगळले होते. हंगामी म्हणजे कोणते? कापसाचे जिनिंग, कापसाच्या गाठी बांधणारे प्रेस, भुईमूग फोडणे, साखर आणि गूळ. म्हणजे जळगाव-धुळ्याकडच्या गरीब बाईला कारखान्यात जे काम मिळे, तेच नेमके बाहेर. शेतात कापूस वेचणारी तर कधीच हिशेबात नव्हती. आईने मला बांधावरच्या झोळीत निजवून वेचणी केली. तिच्यासारख्या बाईला मातृत्वलाभ हा कायद्याने हक्क म्हणून मिळाला तो २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात, किमान ६००० रुपये. १९२८ च्या भाषणापासून मोजले तर पुन्हा ८५ वर्षे!

आता आहार. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ ह्यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दरडोई रोज २२५० कॅलरी मिळतील इतका खर्च करण्याची ऐपत नसलेला तो गरीब, अशी रेघ त्यांनी ओढली. १९६०-६१ साली ग्रामीण भागातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली सुमारे ५० टक्के माणसे त्या रेघेखाली होती. ही रेघ सरकारला नाकारता आली नाही, हे ह्या संशोधनाचे यश. ग्रामीण भागात रोजगार पुरवणे हाच उपाय, असेही त्यांनी मांडले.

त्यावर दुसरे मोठे मराठी शास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे ह्यांनी आक्षेप घेतला. जागतिक अन्न व शेती संघटनेत काम करून ते पुण्याला आले होते. माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर काही मर्यादेत कमी अन्नाशी जुळवून घेते, म्हणून सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण कुपोषित मानू नये, असे त्यांचे म्हणणे. स्वच्छ पाणी आणि स्वच्छ परिसर ह्यांवर त्यांचा भर होता आणि तो योग्यच होता. सत्तरीच्या अखेरीस आणि ऐंशीच्या आरंभी हा वाद गाजला. पुढे डेव्हिड सेक्लर ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने त्यातून ‘लहान पण निरोगी’ असा सिद्धान्त काढला आणि पोषणतज्ज्ञ सी. गोपालन ह्यांनी त्याचा कठोर समाचार घेतला. खुजेपण ही निवड नसते, ती वंचनेची खूण असते, असा गोपालन ह्यांच्या विरोधाचा रोख होता.

वादातली संख्याशास्त्रीय बाजू मी बाजूला ठेवतो. मला एवढेच म्हणायचे आहे की ‘जुळवून घेणे’ हा शब्द आम्हांला फार जुन्या ओळखीचा आहे. गावगाड्याने तो आम्हांला हजार वर्षे शिकवला. कमी पाण्याशी जुळवून घ्या, कमी मजुरीशी जुळवून घ्या, शिळ्याशी जुळवून घ्या. शरीर जुळवून घेते म्हणून व्यवस्था निर्दोष ठरत नाही.

दुसऱ्या बाजूच्या तक्त्यातही एक रकाना कमीच आहे. कॅलरी मोजताना ती कशी मिळाली, हे लिहायला तेथे जागा नाही. कष्टाच्या ज्वारीची भाकरी आणि दारोदार मागून आणलेली उष्टी भाकरी ह्यांच्या कॅलरी तक्त्यात सारख्याच. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे सोडा, असे सांगितले तेव्हा ज्यांनी ते मानले त्यांच्या ताटातल्या कॅलरी कमीच झाल्या असतील. आहारशास्त्राच्या हिशेबाने ते नुकसान. माणूसपणाच्या हिशेबाने तो आपल्या आहाराच्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय. असा निर्णय उपाशी माणसे घेतात, हे ज्या शास्त्राला समजत नाही त्याला आमचे पोट समजलेले नाही. आमच्या ताटात काय होते, हे लिहायलाही आमचाच माणूस लागला. शाहू पाटोळे ह्यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली लिहिले. ते प्राध्यापक नव्हेत.

आज परिस्थिती बदलली आहे. १९९० साली जळगावला विद्यापीठ आले, २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचे नाव मिळाले. जिल्ह्याजिल्ह्यात समाजकार्याची महाविद्यालये निघाली. आमच्या वस्त्यांतली पोरे तेथे शिकू आणि शिकवू लागली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळे झाले आणि अक्राणी-अक्कलकुव्याच्या कुपोषणावर प्रबंधांची रीघ लागली. प्रश्नावली घेऊन विद्यार्थी वस्तीत येतात. जेवणापूर्वी हात धुता काय, हे विचारतात. नळाला पाणी कितव्या दिवशी येते, हे विचारत नाहीत. मुलाचे वजन करतात, आईची मजुरी विचारत नाहीत. चाळीसगाव-नंदुरबारकडून ऊसतोडीला ज्या टोळ्या जातात त्यांतल्या बायांची बाळंतपणे कोठे होतात, हे कोणाच्या प्रश्नावलीत नसते. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला, तेव्हा कुठे शासनाला चौकशी समिती नेमावी लागली.

म्हणून माझे म्हणणे आपल्यातल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना आहे. खुर्चीवर बसणारा बदलला एवढ्याने पाहणी बदलत नाही. आपल्या जातीच्या माणसाने विचारलेला जुनाच प्रश्न जुनेच उत्तर आणतो. पाहणीला निघताना तीन गोष्टी ठरवून निघावे. प्रश्न वस्तीत बसून ठरवावेत. उपासमार, आजार आणि बाळंतपणातले मृत्यू लिहिताना त्यांच्या कारणाच्या रकान्यात मजुरी, पाणी आणि जात ह्यांना जागा द्यावी. आणि अहवाल विद्यापीठात जाण्याआधी ज्यांच्याविषयी तो आहे त्यांच्यापुढे वाचून दाखवावा, म्हणजे त्यातली कोणती ओळ घेऊन तहसील कचेरीवर जायचे, हे त्यांना ठरवता येईल. स्टार्ट समितीच्या एका सभासदाने पाहणीतून मागणी उभी केली आणि त्या मागणीचा कायदा व्हायला ८५ वर्षे लागली. ती वर्षे कमी करणे एवढीच आपल्या पिढीच्या प्राध्यापकांची कामगिरी ठरली, तरी ती पुरेशी आहे.